वयनीचा लोफ आणि परत नेलेलं ताट

वयनी, काल तुझं मशीन मी लावलं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या ओट्यापाशी उभी राहून. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं ते तुलाच, आणि तू गेल्याला काल अठरा दिवस झाले.

बाराव्यापर्यंत दोन्ही घरांत गोडं, म्हणजे मासे-मटणाशिवायचं, जेवण झालं. मग भावजी, तुझे हे, म्हणाले, "आता एक दिस तिखटाचा करूया. तिका गोडा जेवण कधी आवडला?" आपल्यात तेव्हा गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून केळीच्या पानावर त्याची वाडी काढतात आणि परसात नेऊन ठेवतात. काय काय करायचं याची यादी मयेला दिलेल्या वन्सं करत होत्या. कोळंबीचं तिखलं, कोंबडी, वडे. आपली ही एकुलती एक नणंद, तुला माहीतच आहे, यादी करायला बसली की लग्नाची असो की मर्तिकाची, आवाज तोच. तिचं संपल्यावर तुझा रुपेश म्हणाला, "आणि आयचो लोफ?"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "काकी, तुका येता?"

"येता," मी म्हटलं.

वयनी, मी तो आयुष्यात कधी केला नव्हता. पण येता म्हटलं ते खोटंही नव्हतं. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा आपल्या दोघी जावांच्या स्वयंपाकघरांमध्ये जी चिऱ्यांची भिंत घातली, ती माळ्यापर्यंतच गेली. वर कौलांखाली सगळं मोकळं. चार वर्षं तू तो लोफ पलीकडे केलास आणि मी अलीकडे ऐकला. कांदा किती वेळ चिरतेस, अंडं कधी फोडतेस, मशीनचा खण ओढल्यावर किती वेळाने परत ढकलतेस, हे मला पाठ आहे. मोजमाप तेवढं माहीत नव्हतं. ते तू मला सांगितलं असतंस, मी विचारलं असतं तर.

ते मशीन घरात आलं तो दिवस आठवतो ना? मांद्र्याला तू ज्या अमेरिकन म्हातारीकडे रांधायला जायचीस, ती कायमची परत गेली आणि जाताना तिचा एअर फ्रायर तुला देऊन गेली. मांडीवर धरून तू तो बसमधून आणलास. "मडमेन दिला," एवढंच म्हणालीस आणि ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलीस. मी म्हटलं, हा तर भात शिजवायचा डबा दिसतो. तू म्हणालीस, "ह्येच्यात फकत वारो फिरता गो. गरम वारो. त्याच वाऱ्यान शिजता." मी हसले. वाऱ्यावर शिजवणारी बाई म्हणून तुला महिनाभर चिडवलं.

त्या मडमेकडूनच तू मीटलोफ शिकलीस. आमच्या तोंडी त्याचा लोफ झाला. खिम्यात दुधात भिजवलेला पाव घालायचा, कांदा, लसूण, अंडं, मिरपूड घालून मळायचा, विटेसारखा आकार द्यायचा आणि भाजायचा. पहिला केलास तेव्हा खाली गळलेल्या चरबीचा असा धूर झाला, की भावजी बादली घेऊन आत आले. दुसऱ्या वेळी वर घातलेला चंदेरी कागद त्या वाऱ्याने उडून तापलेल्या जाळीला चिकटला. तिसऱ्या वेळी तो बाहेरून काळा आणि आतून कच्चा निघाला. चौथ्या वेळी तुला जमला. जाळीच्या खालच्या खणात शिळ्या उंड्याचा, आपल्या गोल पावाचा, एक तुकडा ठेवायचा, तो चरबी पिऊन घेतो आणि धूर होत नाही, ही तुझी युक्ती. मडमेलाही माहीत नव्हती म्हणे. तो चरबी प्यायलेला तुकडा भावजी गुपचूप खायचे. त्यांच्या छातीत डॉक्टरांनी नळी घातल्यापासून तू तो त्यांच्या हाताला लागू दिला नाहीस.

आपला वाद मसाल्यावरून होता. मी म्हणायची, एवढा चांगला खिमा, त्यात आपला गरम मसाला घाल, कोथिंबीर घाल, हिरवी मिरची घाल, नाहीतर आजाऱ्याचं जेवण लागतं. तू म्हणायचीस, "तेंचा तेंका ऱ्हवांदे. सगळ्याक आपलो मसालो कित्या?" मी म्हणायची, मग हा नुसता मोठा कटलेट. "कटलेट तव्यार," तू म्हणायचीस, आणि पुढचं बोलायच्या आत माझ्या ताटात एक काप पडायचा. मी नाक मुरडत खायची आणि दुसरा मागायची. दर रविवारी अकरा-साडेअकराला भिंतीच्या कडेने फिरून रुपेश झाकलेली ताटली घेऊन यायचा. तो मोपाला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागल्यावर तूच यायला लागलीस, गुडघे दुखत असतानाही. त्या ताटल्यांबद्दल मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. आता म्हणते. तो लोफ चांगला होता, वयनी. मसाल्याशिवायच चांगला होता.

मशीनमुळे आपल्याला एक नवं काम लागलं होतं. भिंत घातली, चुली वेगळ्या केल्या, पण विजेचा मीटर सासऱ्यांच्या नावावरचा एकच राहिला. तुझं मशीन आणि माझा पाण्याचा गिझर किंवा पंप एकदम चालू झाला की दोन्ही घरं अंधारात. मग लावायच्या आधी हाळी घालायची असं ठरलं. "सुलू, लावतंय गो!" तू कौलांकडे तोंड करून ओरडायचीस. मी म्हणायची, "लाव!" मला पंप लावायचा असला की मी ओरडायची आणि तू "थांब, धा मिनटां!" म्हणायचीस. साखळीहून माझी आई राहायला आली होती, तेव्हा तिला वाटलं आपण भांडतोय.

भांडलो नंतर. भांडलो असंही म्हणता येत नाही, कारण तू उलट एक शब्द बोलली नाहीस.

गेल्या चवथीची गोष्ट. गणपती तुझ्या ओसरीवर, नेहमीसारखा. भावजींना डॉक्टरांनी तेल सोडायला सांगितलेलं. तू ठरवलंस की नवरा ज्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाऊ शकणार नाही, त्या करायच्या कशाला? म्हणून तूप लावून नेवऱ्या मशीनमध्ये केल्यास. छान झाल्या होत्या. रंग थोडा फिका, पण एकही फुटली नव्हती. आरतीची तयारी चालली होती, ओसरीवर बारा-पंधरा माणसं, आणि तू नैवेद्याचं ताट घेऊन आतून आलीस. मी दाराच्या चौकटीपाशी उभी होते. आणि मी बोलले.

"ह्या मशीनातल्यो नको वयनी. मडमेच्या घराकडचा ता. तेच्यात काय काय शिजला असात, कोणाक म्हायत? गणपतीफुडे नको."

तू माझ्याकडे पाहिलंस. "बरा," म्हणालीस. ताट उचलून आत गेलीस आणि घाईघाईने पीठ मळून अकरा नेवऱ्या तेलात तळल्यास. त्या गणपतीपुढे ठेवल्यास. भावजींनी त्यातली एकही खाल्ली नाही.

हे मी कशाला बोलले, याचा विचार मी गेले आठ महिने करतेय. मी सोवळ्याओवळ्याची बाई नव्हे. त्याच मशीनमधला लोफ चार वर्षं दर रविवारी खात होते. तेव्हा मला मडमेचं घर आठवलं नाही. माझ्या पोटाला जे चालत होतं, ते देवाला चालणार नाही, हे मला त्या एका क्षणी सुचलं. खरं सांगू? तुझ्या नेवऱ्या माझ्यापेक्षा सुबक झाल्या होत्या. वन्सं आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "वयनीन काय सुंदर केल्यानी गो, तेलाचो थेंब नाय!" माझ्या नेवऱ्या तिथेच बाजूला होत्या, तेलकट, दोन फुटलेल्या. एवढंच कारण होतं. गणपतीचं नाव मी उगाच मध्ये घातलं.

मडमेने त्या मशीनमध्ये काय शिजवलं होतं, हे मला आजही माहीत नाही. शिजवलंही असेल काही. तू कधी खुलासा केला नाहीस. मला वाटतं, करावासा वाटलाच नसेल. तू घरात आणून घासून पुसून चार वर्षं वापरलेली वस्तू ही तुझी वस्तू होती, आणि ते मला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ताटली आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वास मात्र कौलांखालून यायचा, नेहमीसारखा. मला राग आला. चूक माझी होती तरी राग मलाच आला. मनात म्हणायची, एवढं काय लागलं हिला, जरा बोलले तर? आणि आपलं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. एक हाळी तेवढी राहिली, कारण तिच्यावाचून दोन्ही घरांचं भागत नव्हतं. "लावतंय," तू म्हणायचीस. 'सुलू' गेलं होतं, 'गो' गेलं होतं. "लाव," मी म्हणायची. आठ महिने आपण एकमेकींशी एवढंच बोललो.

माफी मागायला मी तीनदा निघाले होते. एकदा तुळशीच्या लग्नाला, तेव्हा तुझ्याकडे तुझ्या सावंतवाडीच्या माहेरची माणसं होती. एकदा तू गुडघ्याला तेल चोळत पायरीवर एकटी बसली होतीस, तेव्हा मीच अंगणातून परत फिरले. माझ्या मनात असं बसलं होतं, की तू हे सगळ्यांना सांगितलं असणार. भावजी माझ्याशी कमी बोलले की वाटायचं, म्हणूनच. वन्संनी मयेच्या जत्रेला बोलावलं नाही, तेव्हाही वाटलं, म्हणूनच. जिथे सगळ्यांना ठाऊक आहे तिथे नुसतं तुझ्या कानात सॉरी म्हणून काय होणार, अशी माझी मीच समजूत घातली. ते सोपं पडायचं.

तिसऱ्यांदा निघाले ती हॉस्पिटलात. तू न्हाणीत पडलीस, अर्धं अंग गेलं, त्याचा दुसरा दिवस. वाटेत बसमध्ये मी शब्द जुळवत होते. आले तर तुझ्या खाटेभोवती रुपेश, भावजी, नर्स. तुझं तोंड जरा वाकडं झालेलं, पण डोळे तेच. मला पाहून तू काहीतरी म्हणालीस. मी वाकले. तू परत म्हणालीस, "पंप बंद केलंस?"

"केलंय," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. आठ महिन्यांत 'लाव' आणि 'लावतंय' सोडून आपण बोललो ते हे. मी अर्धा तास बसले. नर्सने बाहेर काढलं तेव्हा वाटलं, उद्या तुझ्याकडे कुणी नसताना येऊ. दुसऱ्या दिवशी पहाटे रुपेशचा फोन आला.

तर काल मी पेडण्याच्या बाजारातून खिमा आणला, खाटकाकडून दोनदा बारीक करून. पाववाल्या पोदेराचे आदल्या दिवशीचे उंडे ठेवलेच होते. तुझ्या फळीवर मिरपूड सापडली, सॉसची बाटली सापडली. मळताना हात गरम मसाल्याच्या डब्याकडे गेला. मी घातला नाही. कोथिंबीरही नाही. लोफ जाळीवर ठेवला, खाली उंड्याचा तुकडा ठेवला आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत सगळं घर गप्प झालं. पंखे बंद, फ्रिज बंद. पलीकडे आमच्या ह्यांनी पंप लावला होता, आणि मी हाळी घातली नव्हती. कुणाला घालायची? हे टॉर्च घेऊन मीटरपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "सांगाक काय झाला?" मी पंप बंद करायला लावला आणि मशीन परत सुरू केलं. तेवढ्यात जी पाच मिनिटं गेली, त्यांचा हिशेब चुकला आणि लोफ एका बाजूने जरा जास्त भाजला. तुझा चौथा जमला होता. माझा पहिलाच खाण्यासारखा झाला, यात माझं काही नाही. मी तुझे तीन फुकट गेलेले ऐकले होते.

वाडी काढली. पानावर भात, वडे, कोंबडी, तिखलं, आणि तुझ्या लोफचा एक काप, मधला, जास्त न भाजलेला. भावजींनी पान परसात नेऊन ठेवलं आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग सगळे ओसरीवर जेवायला बसले. चवथीला होती तीच माणसं, दोन-चार कमी. मी वाढत होते. मनात म्हटलं, जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं. हातातली वाढायची कुलेर पातेल्यात ठेवली.

"माका एक सांगायचा असा," मी म्हटलं. "चवथीक मी वयनीक बोललंय ता बोलाक नको होता. त्या मशीनातल्यो नेवऱ्यो गणपतीफुडे नको म्हणान."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग भावजींकडे.

"कसल्यो नेवऱ्यो?" त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं. कुठे उभी होते, काय बोलले, सगळं. वन्सं म्हणाल्या, "मी थंयच होतंय मगे. झांजो वाजत होत्यो. माका काय एक ऐकाक इला नाय." रुपेश म्हणाला त्याला काही माहीत नाही, त्या दिवशी त्याची ड्यूटी होती. मी भावजींकडे पाहिलं. त्यांना तरी ठाऊक असणारच.

भावजी घास हातात धरून विचार करत होते. "परत तळूक बसली तेव्हा मी इचारलंय तिका," ते म्हणाले. "ती म्हणाली, मशीनातल्यो कच्च्यो ऱ्हवल्यो. आणि काय नाय बोलली."

मग ते म्हणाले, "जेव गो तू पण. बस." आणि लोफचा अजून एक काप मागितला. मीठ कमी पडलंय, पण चव तिचीच आहे, असं म्हणाले. वन्संनी पुन्हा कोंबडीचा विषय काढला. माझं बोलणं तिथेच संपलं. कुणाला त्याचा राग आला नाही, कारण ते त्यांच्यापैकी कुणाला लागलेलं नव्हतंच.

वयनी, तू कुणालाही सांगितलं नव्हतंस. ज्याच्याशी चाळीस वर्षं संसार केलास, त्यालाही नाही. उलट आपल्याच नेवऱ्यांना कच्च्या म्हणालीस, ज्या पूर्ण शिजल्या होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आठ महिने मी या घरातल्या प्रत्येक तोंडावर तुझी तक्रार वाचत होते, आणि ती कुणाच्याच तोंडावर नव्हती. रागावलीस तर तू एकटी रागावलीस. मला मात्र सगळ्यांत चांगलं राहू दिलंस.

काल रात्री हे म्हणाले, झालं ना बोलून, आता मनातून काढून टाक. त्यांना वाटतं मी मोकळी झाले. पण जे माझं वाक्य कुणी ऐकलंच नाही, त्याची माफी ते कसे देणार? ते ऐकलं होतं तू. माफ करायचं की नाही, हेही तूच ठरवायचं होतं, आणि मी तुला तेवढी सवड दिली नाही.

म्हणून कुणी समोर नसताना, आपल्याच भाषेत, उशिरा सांगते. माझा चुकला, वयनी.